सेलिनाला अम्प्टीन वेळा मागणी

पडदा वर जातो. रंगमंच रिकामा. मधोमध एक चौकोनी लाकडी पाट, घासूनपुसून कोरडा ठणठणीत केलेला. खालून सारखी गुरगुर ऐकू येते, कारण हे नाट्यगृह जमिनीवर नाहीच. इंग्लंडमध्ये, ब्लॅकपूलच्या समुद्रात लांबवर घुसलेल्या धक्क्याच्या टोकाला, लोखंडी खांबांवर ते उभं आहे आणि भरतीच्या लाटा त्या खांबांना अंग घासताहेत. समोर खुर्च्यांवर डार्वन गाव बसलंय. अख्खं गाव. उन्हाळ्यात गिरण्यांना आठवड्याची सुट्टी लागली की डार्वनमध्ये मागे फक्त मांजरं राहतात. शेजारी शेजाऱ्याला निरोप देऊन घराबाहेर पडतो आणि संध्याकाळी त्याच शेजाऱ्याच्या बाजूला, ब्लॅकपूलच्या बाकावर, व्हिनेगर घातलेले उकडलेले वाटाणे खात बसतो.

आणि पंच? पंच रंगमंचाच्या खाली आहेत.

लाकडी तळाचे, लोखंडी नाल ठोकलेले क्लॉग घालून नाचायची ही चढाओढ. तिच्यात पंचांनी बघायचं नसतं, ऐकायचं असतं. नाचणारा देखणा आहे की तिरळा, सुताच्या गिरणीतला की कोळशाच्या खाणीतला, बाई की बाप्या, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. ते फळ्यांच्या खाली गुडघे छातीशी घेऊन बसतात आणि डोक्यावर पडणारा एकेक ठोका कागदावर उतरवून घेतात. यंदाचे मुख्य पंच होते जेबेझ ओपनशॉ. गिरणीत मुकादमी करून निवृत्त झालेला, मिशीला मेण लावणारा माणूस. टोपी मांडीवर, चहाचा पेला पायाशी, आणि मान फळीला लागू नये म्हणून तिरकी.

विंगेत सेलिना एन्टविसल उभी होती. तिशी नुकतीच ओलांडलेली, लांब पायांची, मोठ्या हसऱ्या तोंडाची. आत्ता ते तोंड घट्ट मिटलेलं होतं. पहिल्या येणाऱ्याला मिळणारा, चांदीच्या बक्कलाचा तो पट्टा तिला कमरेला हवा होता. पट्टा जिंकेल त्याला याच धक्क्यावर उन्हाळाभर नाचायचं काम मिळणार होतं. आणि ते काम मिळालं, तरच सेलिनाला हॅरल्ड पिकपशी लग्न करता येणार होतं.

आता मधे हॅरल्ड कुठून आला, आणि नाचाचा लग्नाशी संबंध काय, हे कळायला पडदा क्षणभर खाली घेऊ या.

सेलिना डार्वनच्या पोस्टात तारा पाठवायची. कोवळ्या वयात ती त्या यंत्रापुढे बसली आणि त्याच्या प्रेमातच पडली. कट्ट, कडकट्ट! बाकीच्या मुलींना त्यात नुसता खडखडाट ऐकू यायचा; सेलिनाला ठेका ऐकू यायचा. कारण ठेका तिच्या घरातच होता. तिची आई केझाया मागावर काम करता करता क्लॉगने मागाचीच नक्कल करून नाचायची. गिरणीच्या आवाजाने केझायाचे कान कधीच गेले होते, पण तळपायांनी तिला सगळं ऐकू यायचं. तिनेच लेकीला स्वयंपाकघराच्या फरशीवर नाच शिकवला. एक ठोका चुकला की म्हणायची, “माग तुटला गं! सूत कोण बांधणार, तुझा बाप?”

मग महायुद्ध आलं. फौजेला मोर्स, म्हणजे तारेची ठोक्यांची लिपी, कळणारी पोरं हवी होती, ढिगाने हवी होती. डार्वनच्या कवायतीच्या हॉलमध्ये गावातली पोरं आणून बसवली आणि शिकवायला नेमलेला सार्जंट पहिल्याच आठवड्यात गालगुंडाने आडवा झाला. पोस्टाने संध्याकाळच्या वेळी सेलिनाला पाठवलं.

तिने यंत्र वाजवून दाखवलं. पोरं माठासारखी बघत बसली. तिने पुन्हा वाजवलं. एकाने जांभई दिली. तशी बाई जी उठली ती टेबलावर चढली, घागरा मुठीत धरला आणि क्लॉग आपटून ओरडली, “चवडा म्हणजे इडी! टाच म्हणजे अम्प्टी! उठा सगळे!”

आखूड ठोक्याला इडी आणि लांब ठोक्याला अम्प्टी ही नावं फौजेत आधीपासून होती. ती काही तिने शोधली नव्हती. पण ती पायात आणली सेलिनाने. त्या संध्याकाळी डार्वनच्या हॉलमधून असा काही दणदणाट उठला की शेजारच्या दुकानातल्या बरण्या फळीवरून सरकत पुढे आल्या. इडी-अम्प्टी! इडी-इडी-अम्प्टी! महिन्याभरात पोरं झोपेत पाय हलवायला लागली. त्यांच्या आया सेलिनाला रस्त्यात गाठून म्हणायच्या, “बाई, आमच्या पलंगाचा पाय मोडला, आता तुम्हीच बघा.”

तिची शिकवण्याची रीत ठरलेली होती. समोरच्याने एक शब्द पाठवला की ऐकणाऱ्याने लगेच एक टाच आपटायची. एकच अम्प्टी. म्हणजे ‘शब्द मिळाला, पुढचा पाठव’. फौजेचाच नियम तो. सेलिनाने तो पोरांच्या हाडात मुरवला. आणि शिकवणी संपताना ती नेहमी एकच वाक्य पाठवायची, ‘चहा निवतोय लवकर या’. जो आधी ओळखेल त्याला आधी चहा.

आणि दुसरा नियम तारघरातला, तिने पोरांकडूनही शपथेवर घेतलेला. दुसऱ्याची तार तोंडाने बोलायची नाही. कानावर पडली तर पडली, पण तोंड बंद. मरण आलं तरी.

त्याच हॉलमध्ये ‘अम्प्टीन’ हा शब्द तिच्या कानावर पहिल्यांदा पडला. मोर्समध्ये शून्य म्हणजे सलग अम्प्टीच अम्प्टी. फौजेचे निरोप म्हणजे पोती आणि पेट्या. शून्यांची नुसती रांग. ती वाजवायला लागली की पोरं वाटेत हरवायची.

“किती पोती बटाटे आले रे?” ती विचारायची.

“अम्प्टी, मिस!”

“अम्प्टी किती?”

“अम्प्टी-अम्प्टी! मोजेपर्यंत बटाट्यांना मोड आले, मिस!”

तेरापासून एकोणीसपर्यंतच्या इंग्रजी आकड्यांना ‘टीन’चं शेपूट असतं. कुणीतरी ते शेपूट अम्प्टीला चिकटवलं आणि झाला अम्प्टीन. असा आकडा की जो आहे, भरपूर आहे, पण नेमका किती ते विचारू नका. डार्वनमध्ये आजही एका गुत्त्यात गेलात तर सांगतील, हा शब्द आमच्या अल्बर्टचा. दुसऱ्यात गेलात तर तिथे वेगळा अल्बर्ट. पलीकडच्या ब्लॅकबर्नचे लोक तर म्हणतात डार्वनने तो चोरला. सेलिनाला विचारलं तर ती खांदे उडवायची, “माझ्या वर्गात झाला असेल, नाहीतर अम्प्टीन वर्गांत एकदमच झाला असेल. शिंक कुणाची पहिली, ते कोणी सांगावं?”

पोरं फ्रान्सला गेली आणि शब्दाला भलतंच काम मिळालं. पत्रात तुकडीचा नंबर लिहायला बंदी. मग पत्रं यायची, “मिस, आम्ही अम्प्टीनाव्या तुकडीत आहोत, काल अम्प्टीन मैल चाललो, समोर अम्प्टीन जर्मन आहेत, मोजे पाठवा.” पत्र तपासणारा साहेब काळी शाई घेऊन बसलेला, त्याला खोडायला काही सापडायचंच नाही. पोस्टात ती पत्रं वाचून सेलिना इतकी हसायची की पोस्टमास्तर पडद्याआडून खाकरायचा.

सगळी परत आली नाहीत. त्याबद्दल ती कमी बोलायची. पुढे एकदा वर्तमानपत्राचा माणूस आला आणि म्हणाला, “बाई, एकूण किती मुलांना शिकवलंत?”

“अम्प्टीन.”

“अंदाजे सांगा. वाचकांना आकडा आवडतो.”

“मोजायला बसले की नसलेली पण मोजावी लागतात,” सेलिना म्हणाली. “अम्प्टीन लिहा. आणि ती केकची बशी इकडे सरकवा.”

तर या अम्प्टीन पोरांमधला सगळ्यात ढ पोरगा म्हणजे हॅरल्ड पिकप. धंद्याने क्लॉग बनवणारा. बोटं अशी की लाकडातून फूल काढेल, पण मोर्स म्हटलं की पाय शेजारच्याचे असल्यासारखे. त्याचं शेवटचं अक्षर हमखास चुकायचं. एक इडी जास्तच पडायची, उत्साहाच्या भरात. युद्धात त्याला शेवटी तारेवरून काढून खेचरांवर नेमलं. खेचरांनी तक्रार केली नाही.

परत आला तो सेलिनाच्या क्लॉगना नाल ठोकायला बसला. तोंडात खिळे धरून त्याने तिला पहिली मागणी घातली. ती म्हणाली, “आधी खिळे काढ.” त्याने काढले, नीट विचारलं. ती म्हणाली, “आज नको, हॅरल्ड.”

तिथून जे सुरू झालं! चर्चमध्ये भजनाच्या पुस्तकाआडून विचारलं. टेकडीवरच्या मनोऱ्यावर वारा प्यायला गेले तेव्हा विचारलं. टोपी उडाली, ती शोधून आणली आणि पुन्हा विचारलं. गुरांची आतडी शिजवून विकणाऱ्या दुकानासमोर रांगेत उभा असताना विचारलं. मागची बाई म्हणाली, “हो म्हण गं लवकर, आतडी संपतील!” आणि दर वेळी सेलिनाचं उत्तर एकच, “आज नको, हॅरल्ड.” तोही दर वेळी टोपी डोक्यावर ठेवून म्हणायचा, “बरं मिस. पुढच्या रविवारी बघू.” लग्नाची मागणी घालतानाही तो तिला मिसच म्हणायचा.

शेवटी केझाया एके दिवशी लेकीसमोर लाटणं घेऊन उभी राहिली. कान गेल्याने ती ओठ मोठे करून, आवाज न काढता बोलायची. गिरणीतल्या सगळ्या बाया तसंच बोलतात.

“तो तुला आवडत नाही?”

सेलिनानेही नुसते ओठ हलवले. “आवडतो.”

“मग काय त्याला वाळत घालून सुकवायचंय?”

“आई, लग्न झालं की पोस्टातून काढतात. नियमच आहे. लग्न झालेली बाई तारेवर चालत नाही. यंत्र गेलं तर मी घरात बसून काय वाजवू, पातेली?”

केझायाने लाटणं खाली ठेवलं. जरा विचार केला.

“त्याला हे सांगितलंस?”

“सांगितलं तर तो विचारायचाच बंद होईल. माझ्या पायावर धोंडा नको म्हणेल. तसाच आहे तो.”

“मग यंत्राच्या जागी दुसरं काही शोध की. पाय कशाला दिलेत मी तुला?” आणि तिने ब्लॅकपूलच्या स्पर्धेचा कागद लेकीपुढे टाकला.

हिवाळाभर सेलिना तयारी करत होती. पोस्टातसुद्धा. हात यंत्रावर तारा पाठवताहेत आणि टेबलाखाली पाय नाचाच्या तुकड्या घोटताहेत. हे काही बरं नव्हतं. हातातलं पायात आणि पायातलं हातात मिसळायला लागलं होतं. एकदा प्रेस्टनला कोणाच्या आत्याच्या आजारपणाची तार गेली ती इतक्या ठेक्यात गेली, की पलीकडच्या बाईने उलट विचारलं, ‘आत्या बरी आहे ना, नाचतेय का?’

स्पर्धेच्या सकाळी नाव नोंदवताना जेबेझ ओपनशॉने चष्म्यावरून बघितलं. “किती वर्षं नाचतेस?”

“अम्प्टीन.”

“असा आकडा नाही.” त्यांनी दौतीचं झाकण लावलं. “पोरी, जिथे मी पंच आहे तिथे आकडा म्हणजे आकडा. हे असले भोंगळ शब्द युद्धाने आणलेत, उवांबरोबर.”

“बरं, साहेब. लहानपणापासून लिहा.”

चला, पडदा पुन्हा वर.

विगन गावच्या खाणीतला एनॉक नावाचा कामगार आत्ताच नाचून गेला होता. पहार पडावी तसे त्याचे ठोके. सेलिनाचं नाव पुकारलं. प्रेक्षकांनी टाळी वाजवायची नाही, पाय हलवायचा नाही, नाहीतर खाली पंचांना काही कळत नाही. तसं दोनदा बजावून झालं. सेलिना पाटावर आली. समोर पहिल्या रांगेत आई, हातावर वाटाण्यांची पुडी. मागे तिची पोरं. आता पोरं कसली, बाप्ये झालेले. पार मागे भिंतीला टेकून हॅरल्ड, टोपी पिळून पिळून तिची दोरी केलेला.

आणि सेलिना नाचली. काय नाचली! धावता माग नाचून दाखवला, सूत तुटलं ते, बांधलं ते, मुकादम येतोय म्हणून बायांची पळापळ झाली ती. खाली जेबेझ ओपनशॉची मान हळूहळू डोलायला लागली. पेन्सिल थांबली आणि पुन्हा धावली. एकही ठोका तिरका नाही. पट्टा हाताच्या अंतरावर आला. आता फक्त शेवटची तुकडी, आईची तुकडी, आणि संपलं.

तेवढ्यात तिने आईकडे बघितलं. आई ओठ मोठे करून म्हणत होती, “छान! आता घाई नको!”

झालं. घाई नको म्हटल्यावर जगात आजवर कोणाला सुचलंय? शेवटची तुकडी डोक्यातून पुसली गेली. पण पाय थांबणारे नव्हते. त्यांना थांबणं माहीतच नव्हतं. त्यांना जे सगळ्यात जास्त पाठ होतं ते त्यांनी आपणहून सुरू केलं.

चहा.

मागच्या रांगांमधल्या तिच्या सगळ्या पोरांनी, एका क्षणी, एकही विचार न करता, टाच आपटली.

अम्प्टी!

अख्खा धक्का हलला. सेलिनाला कळलं, पण पाय पुढे गेले होते. निवतोय. अम्प्टी! लवकर. अम्प्टी! आता पोरांनाही कळलं होतं आपण काय करतोय ते. एकमेकांचे हात धरून थांबायची धडपड चालली होती, पण हाडात मुरलेलं कसं थांबणार? या. अम्प्टी!!

लोखंडी खांबांवरचे समुद्रपक्षी एकदम उडाले. आणि रंगमंचाखालच्या झडपेतून एक पांढरं भूत वर आलं. अम्प्टीन उन्हाळ्यांची धूळ जेबेझ ओपनशॉच्या डोक्यावर, मिशीवर आणि चहात पडली होती.

“थांबवा!” ते शिंकत म्हणाले. “कोणाचे पाय? बाईचे कुठले, लोकांचे कुठले? मी काय मोजू?”

“अंदाजे किती ठोके झाले, साहेब?” विंगेतून विचारणारे मिस्टर क्विल होते, या नाट्यगृहाचे व्यवस्थापक.

ओपनशॉने कागदाकडे बघितलं. कागदावर धुळीचा ढीग होता. त्यांनी कागद झटकला, पुन्हा शिंकले, आणि सगळ्या डार्वनला ऐकू जाईल असं म्हणाले, “अम्प्टीन! झालं समाधान? अम्प्टीन!”

असा हशा त्या धक्क्याने कधी ऐकला नव्हता. पण आकडा नाही तर पट्टा नाही. पट्टा विगनच्या एनॉकला गेला. तो बिचारा इतका लाजला की पट्टा उलटा बांधून घेतला.

सेलिना पाटावरच उभी होती. पट्टा गेला. काम गेलं. येत्या सोमवारी पुन्हा यंत्र, येत्या रविवारी पुन्हा ‘आज नको’. पोरं मान खाली घालून बसली होती. बाईंचं वाटोळं त्यांच्या टाचांनी केलं होतं. तिने त्यांच्यावरून नजर फिरवली. ज्या टाचा आज पडल्या नव्हत्या, त्याही तिला ऐकू आल्या होत्या. आणि मागे भिंतीशी हॅरल्ड होता. तो होता. एवढा मोठा, टोपीची दोरी केलेला, सगळ्यांत उशिरा टाच आपटणारा, पण होता.

यंत्र गेलं चुलीत, तिला वाटलं.

तिने घागरा मुठीत धरला आणि पाटावर सावकाश, एकेक अक्षर सुटं करून वाजवलं. हॅरल्ड. पुन्हा. विचार.

पोरांना पहिल्या फटक्यात कळलं. सगळ्यांची तोंडं उघडली आणि लगेच मिटली. शपथ होती ना! दुसऱ्याची तार तोंडाने बोलायची नाही. तोंडात रुमाल कोंबले गेले. एकाने आपल्या बायकोच्या खांद्यात तोंड खुपसलं, ती विचारतेय, “काय म्हणाली? अहो, काय म्हणाली?” आणि हा नुसता थरथरतोय.

हॅरल्डने कपाळाला आठ्या घातल्या. ओठ हलवत मोजलं. मग बुटांनी उत्तर पाठवलं, ‘पुन्हा सांगा’.

तिने पुन्हा सांगितलं.

‘हॅरल्ड’ एवढं त्याला मिळालं. त्याने आजूबाजूला बघितलं, दुसरा हॅरल्ड आहे का म्हणून. मग, ‘पुन्हा सांगा’.

“अरे गाढवा!” कोणीतरी ओरडलं. तेवढं शपथेत बसत होतं.

तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा. पुन्हा. ती आता हसत होती, गालावरून पाणी वाहत होतं, केसांच्या पिना पाटावर पडत होत्या, आणि दर वेळी तोच निरोप वेगळ्या चालीत येत होता, आधी कवायतीसारखा, मग लग्नातल्या वाजंत्रीसारखा, मग खेचरांच्या टापांसारखा. जे मोर्स जाणत नव्हते तेही हसून लोळत होते, कशाला हसतोय ते न कळता. ओपनशॉ झडपेतून अर्धे वर, अर्धे खाली, तसेच अडकून ऐकत होते.

आणि मग हॅरल्डचा चेहरा उजळला. मागून पुढपर्यंत लोकांनी तो उजळताना बघितला. तो चालत आला, रंगमंचावर चढला, पाटासमोर उभा राहिला, आणि त्याच्या त्या परक्या पायांनी विचारलं. पूर्ण वाक्य. शेवटच्या अक्षरात एक इडी जास्त पडली, त्यामुळे त्याचा अर्थ साधारण ‘माझ्याशी लग्न कराल काढ’ असा काहीतरी झाला.

पहिल्या रांगेतून केझायाचे ओठ म्हणाले, “अगं, टाच आपट एकदाची!”

सेलिनाने टाच आपटली. एकच. शब्द मिळाला.

त्यानंतर कोणी काय आपटलं ते विचारू नका.

गोंधळ शमल्यावर मिस्टर क्विल पुढे आले. त्यांच्या डोळ्यांत, तिकिटांची रांग दिसली की व्यवस्थापकाला येतं तसं, पाणी होतं. “हे काय चाललं होतं मला एक अक्षर कळलं नाही,” ते म्हणाले. “पण मला ते रोज हवंय. दिवसातून दोनदा. पट्ट्याचं काम एनॉकला, तुमचं वेगळं.”

“अहो, पण तो रोज दोनदा कसा मागणी घालेल?” सेलिना म्हणाली.

“का?” केझाया या वेळी मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज गावाने कित्येक वर्षांनी ऐकला. “त्याला सवय आहे!”

पोस्टमास्तरने राजीनामा घेतला तेव्हा तो पुन्हा खाकरला, आणि निरोपाला म्हणून तिला त्या यंत्रावर एक शेवटची तार पाठवू दिली. ती तिने प्रेस्टनच्या बाईला पाठवली, ‘आत्या खरंच नाचतेय’.

मग पुढे उन्हाळ्यामागून उन्हाळे दिवसातून दोनदा त्या धक्क्यावर हॅरल्ड पिकपने आपल्या लग्नाच्या बायकोला मागणी घातली. तिने दर वेळी ‘पुन्हा विचार’ म्हटलं आणि लोकांनी टाचा आपटल्या. तो अभिनय नव्हता. त्याचं शेवटचं अक्षर खरोखरच दर वेळी चुकायचं. पोरं बायकामुलांना घेऊन यायची, आणि हळूहळू गिरण्यांच्या सगळ्या गावांना एवढं मोर्स यायला लागलं, की रस्त्यात कुणी ‘चहा’ वाजवला तर पलीकडच्या फुटपाथवर टाच पडायची. किती वेळा मागणी घातली असेल त्याने? तो आकडा माहीत असलेला एकच मनुष्य होता. जेबेझ ओपनशॉ दर उन्हाळ्यात पहिल्या खेळाला तिकीट काढून यायचे, वरच्या खुर्चीत बसायचे, आणि विचारलं की मिशी कुरवाळत सांगायचे तो आकडा.

म्हातारपणी दोघं डार्वनला, टेकडीखालच्या घरात राहिली. सेलिनाचेही कान आईसारखे गेले. हॅरल्ड स्वयंपाकघरात काठीने फरशी ठोकायचा आणि ती बाहेरच्या खोलीत पायांनी ऐकायची. चहा हवा का, पाऊस आला का, चष्मा कुठे आहे. आणि रविवारी सकाळी, न चुकता, ते एक वाक्य.

शेवटच्या हिवाळ्यात ती पलंगावर होती, पायाशी फडक्यात गुंडाळलेली गरम वीट. रविवार होता. हॅरल्ड पलंगाच्या पायथ्याशी बसला आणि बोटांच्या पेरांनी लाकडावर वाजवायला लागला. हळूहळू, नीट, अख्खं वाक्य. तळपाय लाकडाला टेकवून ती ऐकत होती. तिचं ते मोठं तोंड एका बाजूने हसायला लागलं.

“पुन्हा सांग, हॅरल्ड,” ती म्हणाली. “शेवटचं अक्षर चुकलं.”